पाणी चाखल्याशिवाय पंप देऊ नये

लिहून ठेवणार : श्रीमती मनोरमा नृसिंह हेर्लेकर, बी. ए., वय ६७, सेवानिवृत्त मुख्याध्यापिका, राहणार मंगळवार पेठ, कोल्हापूर.

कारणे लिहून ठेवते की, माझी बुद्धी शाबूत आहे. आज सकाळी डॉ. आजरेकर यांनी माझी नाडी आणि रक्तदाब पाहिला. मी त्यांना सतराचा पाढा उलटा म्हणून दाखवला. त्यांना तो सुलटाही येत नव्हता. हृदय थकले आहे असे त्यांचे मत आहे. डोक्याविषयी त्यांची तक्रार नाही.

हे मृत्युपत्र मी कोणाच्या धाकाने किंवा आग्रहाने करीत नाही. आग्रह गेले वर्षभर पुष्कळ झाला, पण तो वेगळ्याच कागदावर सही करण्याचा होता. त्याबद्दल पुढे लिहिले आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. मजकूर माझा आणि अक्षरही माझे. वकिलांनी हे वाचून "बाई, यातला अर्धा मजकूर कायद्याच्या दृष्टीने अनावश्यक आहे" असे सांगितले. तो अर्धा मी तसाच ठेवला आहे.

कलम १. माझी माणसे

माझे पती कै. नृसिंह दत्तात्रय हेर्लेकर १९६६ साली वारले. उद्यमनगरातला 'हेर्लेकर बंधू' हा पंपांचा कारखाना त्यांनी आणि त्यांचे धाकटे बंधू गणपतराव यांनी काढला.

माझा एकुलता मुलगा ...... अंबादास. पतीच्या नावाआधी जे अक्षर लिहिले, तेवढी जागा मुलाच्या नावाआधी मोकळी सोडली आहे. ते अक्षर तिथे लिहिण्याचा अधिकार मला अजून कुणी दिलेला नाही. वकिलांच्या मसुद्यात तिथे 'बेपत्ता' असा शब्द होता. तो मी खोडला. माझा मुलगा बेपत्ता नाही. तो कुठे आहे हे मला ठाऊक आहे. पूर्वी ऱ्होडेशिया म्हणत त्या देशात, एका तांब्याच्या खाणीत, तो १९७३ च्या डिसेंबरपासून पाण्याखाली आहे.

सून शालन, वय ३५. नात रेवती, वय ११. याखेरीज मला कोणी नाही.

कलम २. घर

मंगळवार पेठेतले राहते घर माझ्या स्वतःच्या कमाईचे, माझ्या एकटीच्या नावावर आहे. त्यावर दुसऱ्या कोणाचा हक्क नाही. ते मी संपूर्णपणे शालनला देते. ती सवाष्ण आहे की विधवा, याचा या देण्याशी संबंध नाही. तिने पुन्हा लग्न केले तरी घर तिचेच राहील. तिचा नवरा इथे राहायला आला तर त्याने परसातल्या पेरूच्या फांद्या छाटू नयेत, एवढेच सांगणे आहे.

माझी शिल्लक आणि पोस्टातले पैसे रेवतीच्या शिक्षणासाठी. लग्नासाठी नव्हे. लग्न करणाऱ्याने स्वतःच्या हिमतीवर करावे.

कलम ३. दागिने आणि करंडा

माझ्या पाटल्या शालनला. मोत्यांची कुडी रेवतीला.

चांदीचा कुंकवाचा करंडा अंबादासच्या लग्नात ह्यांच्या आठवणीने मी हुपरीहून घडवून आणला होता. तोही शालनला. त्याविषयी थोडे लिहिणे आवश्यक आहे.

तीन वर्षांपूर्वी चैत्रात गणपतरावांच्या घरी हळदीकुंकू होते. मी विधवा, बाहेर माझे काम नव्हते. मी आत कैरीची डाळ वाटत बसले होते. दार उघडे होते. माझी जाऊ झुंबरबाई करंडा घेऊन बायकांपुढून फिरत होती, ती शालनपुढे येऊन थांबली.

"हिला लावायचं का न्हाय, ते एकदाचं ठरवा की गं," ती म्हणाली. "दर वर्षी माझा हात मधेच थांबतोय."

शालनने स्वतःच बोट बुडवले, कपाळाला लावले आणि म्हणाली, "काकी, हात दुखत असेल तर बसा तुम्ही. पुढचं मी लावते." आणि तिने खरोखर करंडा घेऊन सगळ्यांना कुंकू लावले. शेवटी झुंबरबाईला लावले. घरी आल्यावर न्हाणीघरात गेली आणि नळ सोडून बराच वेळ आत राहिली.

तेव्हा करंड्याविषयी : शालनने त्यात कुंकू ठेवावे, टाचण्या ठेवाव्यात, नाहीतर तो मोडून रेवतीला पैंजण करावेत. तिला कोणी विचारू नये.

झुंबरबाईला मी काही ठेवलेले नाही. तिने वाईट वाटून घेऊ नये. घेतले तरी चालेल.

कलम ४. कारखान्यातला माझा हिस्सा

कारखान्यात अर्धा हिस्सा गणपतरावांचा. ह्यांच्या पश्चात उरलेला अर्धा माझ्या आणि अंबादासच्या नावे सारखा झाला. त्यातला माझा पाव हिस्सा मी रेवतीला देते. ती सज्ञान होईपर्यंत शालनने तो पाहावा. या देण्याला एक अट आहे. ती कळण्यासाठी आमच्या कारखान्याची रीत सांगते.

माझे पती पंप विकण्याआधी पाणी मागत. गिऱ्हाइकाने आपल्या विहिरीचे किंवा नदीचे पाणी बाटलीत भरून आणायचे. लोक औषधाच्या, रॉकेलच्या, मिळेल त्या बाटलीतून आणत. रॉकेलची ते परत पाठवत. मग चमच्याने ते पाणी तोंडात घेऊन चाखत. चमचा चांदीचा, तोही हुपरीचा. पितळेला स्वतःची चव असते म्हणून. आजऱ्याकडचे पाणी तोंडात घेतले की ते डोळे मिटत. शिरोळकडचे मचूळ पाणी आले की तोंड वाकडे करून म्हणत, "बीड नको, आतला पंखा गनमेटलचा घाला." बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, पंप गोड्या पाण्यात जन्मभर चालतो. वाईट पाणी त्याला आतून खाते, आणि वरून रंग तसाच राहतो.

एकदा एक शेतकरी वैतागून म्हणाला, "पावणं, पंप घ्यायला आलोय, सोयरीक जमवायला न्हाय."

"सोयरीकच हाय ही," हे म्हणाले. "जुळली न्हाय तर रडायला माझ्याच दारात येणार की तुम्ही."

आमच्या कारखान्यातून पाणी न चाखता पंप गेला नाही. १९७२ पर्यंत.

त्या वर्षी टॅल्बर्ट अँड रो या विलायती कंपनीचा साहेब उद्यमनगरात आला. त्याला आमचे पंप हवे होते, पुष्कळ हवे होते. मी भागीदार म्हणून बसले होते.

"पाणी कुठले?" मी इंग्रजीत विचारले.

"साधे पाणी, मॅडम. शेतीचे."

"कुठल्या देशातले?"

"आफ्रिकेतले."

"आफ्रिका हा देश नाही," मी म्हणाले.

साहेब हसला. गणपतराव त्याच्याहून मोठ्याने हसले. साहेब गेल्यावर मी म्हणाले, बाटली आल्याशिवाय पंप जाणार नाही. गणपतराव म्हणाले, "वहिनी, आता आफ्रिकेहून बाटली मागवू व्हय? शाळा न्हाय ही. इथं पोरींना उभं करून उत्तर मागता येत न्हाय."

भागीदारीत त्यांचे मत जड होते, आणि अंबादासला वडिलांचा पंप समुद्रापलीकडे जातो याचे कौतुक होते. पंप गेले. बिडाचे.

साहेबाने देश का सांगितला नाही, ते वर्षभराने कळले. ऱ्होडेशियात मूठभर गोऱ्यांनी सत्ता बळकावली होती आणि त्यांच्याशी व्यापार करायला जगातल्या राष्ट्रांनी बंदी घातली होती. आपल्या सरकारनेही घातली होती. टॅल्बर्टसारख्या कंपन्यांनी मात्र वाट काढली होती. माल शेजारच्या पोर्तुगीज मुलखातल्या बैरा बंदरात उतरायचा, खोक्यांवरचे नाव बदलायचे आणि तिथून माल आगगाडीने पलीकडे जायचा. पंप शेतीत गेलेच नव्हते. ते खाणीत गेले होते. पाण्याचे नाव सांगितले असते तर देशाचेही सांगावे लागले असते, म्हणून पाणी लपवले. कंपनीला ते पाणी ठाऊक होते. आम्हाला नव्हते. हा सगळा गुन्हा मला एवढाच दिसतो, आणि तो एवढा मोठा दिसतो.

पंप बिघडू लागले, तेव्हा कंपनीने इथून माणसे मागितली. तेव्हा देशाचे नाव सांगितले. मी अंबादासला म्हणाले, जायचे नाही. ज्या देशाशी व्यवहार करायला बंदी आहे, तिथे आपला पंप गेला हेच वाईट झाले.

"पाणी काढायचा पंप हाय वहिनी," गणपतराव म्हणाले. "बंदूक न्हाय."

अंबादास म्हणाला, "माई, पंपावर दादांचं नाव आहे. पाणी उपसत नसेल तर बघायला जायला नको?"

"तुझ्या पासपोर्टवर लिहिले आहे, तो देश सोडून बाकीचे देश."

"शिक्का मारत नाहीत गं. सुटा कागद देतात, येताना काढून घेतात."

"म्हणजे तू तिथे गेलास हे कुणाला कळणारच नाही."

"तेच तर!" असे म्हणून तो हसला. मी हसले नाही.

तेव्हा अट अशी : रेवतीच्या हिश्श्यापुरता तरी, कुठल्या पाण्यासाठी आणि कुठल्या मुलखासाठी ते कळल्याशिवाय आणि ते पाणी चाखल्याशिवाय पंप देण्यास तिने संमती देऊ नये. वकील म्हणतात, ही अट कोर्टात टिकणार नाही. ती कोर्टासाठी नाही, रेवतीसाठी आहे. तो चांदीचा चमचा माझ्या उशाच्या पेटीत आहे. तो तिला द्यावा.

कलम ५. काय घडले

अंबादासबरोबर आमचा फिटर गुंडू सातू मगदूम, राहणार कबनूर, हा गेला होता. तो १९७४ च्या संक्रांतीनंतर एकटा परत आला. माझ्या स्वयंपाकघरात पाटावर बसून त्याने जे सांगितले, ते त्याच्याच शब्दांत लिहीत आहे. शालन दाराशी उभी होती.

"माई, खाणीच्या तळाला आपले तीन पंप होते. दोन मेलेले. तिसरा धापा टाकत होता. अंबादासरावांनी गेल्या गेल्या ओंजळीत पाणी घेतलं, जिभेला लावलं आणि थुंकलं. म्हणाले, 'गुंडू, हे पाणी न्हाय, तेजाब हाय. दादांनी चाखलं असतं तर बीड दिलंच नसतं.' पंखा काढून बघितला, तर पापडागत झालेला. बोटानं मोडत होता. साहेबाला सांगितलं, माणसं वर काढा, हे टिकायचं न्हाय. साहेब म्हणला, पाळी संपू दे.

"दुपारी तिसऱ्याची बॉडी फुटली. खालच्या अंगाला तिथली मजूर माणसं होती, सहा. पाणी चढाय लागलं. मेलेल्या दोनातला एक अंबादासरावांनी जुळवून ठेवलेला होता, दुसऱ्याचे तुकडे घालून. त्यो चालू कराय खाली गेले. मी हात धरला. म्हणाले, 'सोड. अर्धा तास जरी ओढला त्यानं, तरी माणसं वर येतील.' ओढला माई. अर्ध्या तासाच्या वर ओढला. सहाच्या सहा माणसं आली वर. तुमचा मुलगा आला न्हाय."

मग कंपनीने खाणीचा तो मजला बंद केला आणि तोंडावर सिमेंट ओतले.

गुंडूचा चहा निवून गेला होता. मी तो पुन्हा गरम करून दिला आणि म्हणाले, "हे सगळे मॅजिस्ट्रेटपुढे सांगशील?"

तो खाली बघत म्हणाला, "माई, माझ्या पासपोर्टावर त्यो देश न्हाय. मी तिथं गेलोच न्हाय. मग मी बघणार कसं?"

कंपनीने त्याला गप्प राहण्याबद्दल पैसे दिले होते, आणि तोंड उघडलेस तर तुझेच सरकार तुला तुरुंगात घालील असे बजावले होते. कबनूरला त्याने दोन माग घातले. गुंडूला मी दोष देत नाही असे लिहिणार होते, पण ते खोटे झाले असते. मी त्याला आठ वर्षे दोष देत आले आहे. दर दिवाळीत तो आपल्या मागावरचे कापड घेऊन येतो, उंबऱ्यावर ठेवतो, बाहेरूनच नमस्कार करतो आणि जातो. मी त्याला आत बोलावले नाही. कापड मात्र परत केले नाही. ते सगळे ट्रंकेत आहे.

कलम ६. जे मी केले नाही

दिल्लीच्या एका कचेरीला मी लिहिले. उत्तर आले की त्या देशासाठी भारतीय पासपोर्ट चालत नाही. सबब तिथे कोणी भारतीय गेलेला असणे संभवत नाही. टॅल्बर्ट कंपनीला लिहिले. त्यांचे म्हणणे, आमचा त्या देशाशी व्यवहारच नाही. अंबादास नृसिंह हेर्लेकर या नावाच्या माणसाचा मृत्यू नोंदवायला जगात एकही जागा नाही. तो ज्या देशात गेला तिथे जायला मनाई होती, आणि आता तर तो देशच नकाशावर नाही. तिथल्या लोकांनी आपले राज्य घेतले, नवे नाव ठेवले. चांगले झाले. मी वर्तमानपत्रात ती बातमी दोनदा वाचली. वर आलेली ती सहा माणसे आता मतदार असतील, असा विचार मनात आला.

बंदी उठली, तशी टॅल्बर्ट कंपनी गेल्या वर्षी पुन्हा उद्यमनगरात आली. साहेब नवा, तरुण. आता सगळे रीतसर आहे, म्हणाला. मी त्याला म्हणाले, मला दुसरे काही नको. माझा मुलगा तुमच्या कामावर वारला, एवढी एक ओळ तुमच्या कागदावर लिहून द्या.

"त्या वर्षांत आमच्या कंपनीचा त्या देशात काही व्यवहार नव्हता, मॅडम."

"मग माझा मुलगा कुणाचा पंप दुरुस्त करत होता?"

गणपतरावांनी साहेबापुढे बर्फीची बशी सरकवली.

नव्या करारावर सगळ्या भागीदारांच्या सह्या हव्यात, आणि अंबादास सही करायला येत नाही. म्हणून गणपतरावांनी वकिलाकडून अर्ज तयार करून आणला. कायदा असा की, सात वर्षे एखाद्या माणसाविषयी त्याच्या जवळच्यांना काहीही ऐकू आले नाही, तर तो मेला असे धरून चालावे. मी आणि शालनने फक्त शपथेवर लिहून द्यायचे की, आम्हाला काहीही ऐकू आलेले नाही.

मी ऐकले आहे. माझ्या स्वयंपाकघरात ऐकले आहे. मी सही केली नाही.

"वहिनी, कागदावरचं मरण हाय," गणपतराव म्हणाले. "करून टाका की सही. सगळी मोकळी होतील."

"कागदावर खोटे मरण लिहिले, तर खरे कुठे लिहायचे?"

"अहो, मरण ते मरणच."

"नाही. एक माणूस हरवला आणि एक माणूस सहा जणांसाठी पाण्यात उतरला, हे एक नाही."

ते पाय आपटत गेले. पण त्या दिवशी शालनने भाकरी थापता थापता, माझ्याकडे न बघता जे म्हटले, तेही इथे नोंदवून ठेवते. ती म्हणाली, "माई, तुम्ही खोटं बोलणार नाही. गुंडूभाऊ खरं बोलणार नाहीत. मधे मी."

माझ्यानंतर तिने तो अर्ज करावा की करू नये, हे तिचे तिने ठरवावे. केला तर मी वरून रागावणार नाही. मी वर वगैरे जाईन असे मला वाटतही नाही.

कलम ७. अंबादासची हत्यारे

अंबादास जाताना कंपनीची हत्यारे वापरायची म्हणून स्वतःची पेटी इथेच ठेवून गेला. आमच्या कारखान्यात खंडेनवमीला प्रत्येक जण आपली हत्यारे धुऊन पुसून पाटावर मांडतो. गेलेल्या माणसाची हत्यारे मांडत नाहीत. दुसऱ्या कुणी ती हातात घेऊन आपली केली, म्हणजे त्याच्या नावाने मांडतात. आमचे जुने मिस्त्री पिराजी दर वर्षी अंबादासचे पाने आणि हातोडी त्याच्याच नावाने मांडतात. गणपतराव त्यांच्यावर ओरडले, "कुणाची वाट बघतोयस रं?"

पिराजी म्हणाले, "मालक, मयताचा दाखला आणा, लगेच उचलतो."

या महिन्यात खंडेनवमी आहे. ती पेटी मी पिराजींना देते. या वर्षी त्यांनी ती स्वतःच्या नावाने मांडावी आणि दसऱ्यानंतर कामाला काढावी. पाने गंजू देण्यासाठी नसतात.

कलम ८. किरकोळ

माझी पुस्तके शाळेच्या ग्रंथालयाला. त्यांनी ती कुलपात ठेवू नयेत. शिसवी कपाट शालनला. त्याचे डावे दार उचलून लावावे लागते, हे तिला ठाऊक आहे. गणपतरावांना ह्यांचे हातातले घड्याळ. ते धाकट्या भावाला द्यायचे, असे हे शेवटच्या आजारात म्हणाले होते. मी सोळा वर्षे दिले नाही. आता देते. गणपतराव दुष्ट नाहीत. अंबादासची बातमी आली तेव्हा ते कारखान्याच्या मागच्या बाजूला वाळूच्या ढिगावर बसून रडले, हे मी पाहिले आहे. मला पाहिल्यावर उठले आणि कामगारांवर ओरडायला लागले.

कलम ९. माझे अंत्यविधी

मोठा खर्च करू नये. माझ्या अंगावर घालायला नवे कापड विकत आणू नये. ट्रंकेत गुंडूच्या मागावरचे पुष्कळ आहे, त्यातले घ्यावे. उरलेले शाळेतल्या गरजू मुलींच्या परकरांना द्यावे.

अंबादासचे काही केलेले नाही. भटजींना तिथी हवी होती, आणि मरणाचा पुरावाही. माझ्या दहाव्याला माझ्याबरोबर त्याच्या नावानेही पाणी द्यावे. ते शालनने द्यावे. कुणाची हरकत असल्यास त्याने घरी बसावे. पाणी पंचगंगेचे, पण घाटावरचे नको. अलीकडे घाटावरचे पाणी मला पटत नाही. वर शिंगणापूरकडून कळशी भरून आणावी, आणि देण्याआधी रेवतीने ते चमच्याने चाखून पाहावे. गोड असले तरच द्यावे. वाईट पाणी त्याने पुष्कळ प्यायले.

कलम १०. अंमलबजावणी आणि साक्षीदार

या मृत्युपत्राची अंमलबजावणी शालनने करावी.

साक्षीदार दोन. एक डॉ. आजरेकर. दुसरा गुंडू सातू मगदूम. गुंडूच का, असे वकिलांनी विचारले. साक्षीदाराला मृत्युपत्रात काही मिळू नये असे तेच म्हणाले होते. गुंडूला मी काहीच देत नाही, तेव्हा तो योग्य आहे. त्याला निरोप पाठवला आहे. या खेपेस तो उंबऱ्याच्या आत येईल. साक्षीदाराला मजकूर कळण्याची गरज नसते, पण मी त्याला सगळा वाचून दाखवणार आहे. त्याने फक्त माझी सही पाहायची आणि आपली करायची. त्याच्याकडून दुसरे काहीही मी मागत नाही. मागून झाले आहे.

येणेप्रमाणे, माझ्या मनाप्रमाणे आणि माझ्या हाताने लिहिले.

कोल्हापूर, दि. ६ ऑक्टोबर १९८२

(सही) मनोरमा नृसिंह हेर्लेकर

साक्षीदार :

१. बाईंनी माझ्यासमक्ष सही केली. त्या पूर्ण शुद्धीवर व सावध आहेत.

(सही) डॉ. गोविंद आजरेकर, कोल्हापूर

२. मी गुंडू सातू मगदूम, राहणार कबनूर. बाईंनी माझ्यासमोर सही केली. कागद मला सगळा वाचून दाखवला. पाचव्या कलमात लिवलंय ते माझंच बोलणं हाय, त्यात फरक न्हाय. पुढचं मला कुणी लिव म्हणून सांगितलं न्हाय. बाई नको म्हणत होत्या, डॉक्टरबी म्हणाले इथं एवढं लिवत न्हाईत. तरी लिवतोय. मी त्या देशात गेलतो. अंबादास नृसिंह हेर्लेकर डिसेंबर १९७३ मधी माझा हात सोडवून खाली गेले आणि वर आले न्हाईत. मी वर उभा होतो. बाईंची सही बघितली तसं तेबी ह्याच डोळ्यांनी बघितलं. कोर्टात, कचेरीत, कुठंबी बोलवा, मी येतो.

(सही) गुंडू सातू मगदूम

दुरुस्तीची नोंद : कलम १ मध्ये अंबादासच्या नावाआधी मोकळ्या सोडलेल्या जागेत 'कै.' हे अक्षर मी आज, दोन्ही साक्षीदारांसमक्ष आणि सून शालन हिला विचारून, माझ्या हाताने भरले आहे. अक्षर माझेच आहे.

(सही) म. नृ. हेर्लेकर